शब्द, आकडा आणि दाखला : मराठा आरक्षणाच्या निवाड्याची चिकित्सा

१

न्यायालयाचा निवाडा वादाचा निकाल लावतो. परंतु तेवढ्याने त्याचे स्वरूप पुरते स्पष्ट होत नाही. निवाडा हा एक ग्रंथही असतो. त्यात मूळ वचन असते, त्यावरील पूर्वीची भाष्ये असतात, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष असतात आणि अखेरीस सिद्धान्त असतो. तेव्हा निकाल कोणाच्या बाजूने लागला एवढ्यावरच न थांबता, न्यायमूर्तींनी मूळ वचन कोणत्या रीतीने वाचले, कोठे शब्दाला धरून ठेवले आणि कोठे भाष्याला, याची तपासणी करणे हे चिकित्सकाचे काम होय. राज्यघटनेच्या बाबतीत ही तपासणी अधिकच अगत्याची ठरते. कारण घटनेतील नागरिकांचे हक्क शब्दांत लिहिलेले असले तरी ते प्रत्यक्षात किती व कोणास मिळावयाचे, हे पुष्कळ अंशी वाचनाच्या रीतीवरच अवलंबून असते.

५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘जयश्री लक्ष्मणराव पाटील विरुद्ध मुख्यमंत्री’ या प्रकरणात निर्णय देऊन महाराष्ट्राचा २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द ठरविला. पीठावर न्या. अशोक भूषण, न्या. एल. नागेश्वर राव, न्या. एस. अब्दुल नझीर, न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. एस. रवींद्र भट हे होते. न्या. एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालील राज्य मागासवर्ग आयोगाच्या शिफारशीवरून विधिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मराठा समाजास शिक्षणात व नोकऱ्यांत १६ टक्के आरक्षण दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी तो कायदा वैध मानला. मात्र आरक्षणाचे प्रमाण शिक्षणात १२ व नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले. सर्वोच्च न्यायालयाने तेही टिकू दिले नाही.

हा निवाडा दिल्लीत लिहिला गेला. परंतु त्याचा सर्वांत तीव्र प्रतिध्वनी जालना जिल्ह्यात उमटला. २०२३ च्या ऑगस्टअखेर अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांनी उपोषण आरंभिले, १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांनी लाठीमार केला आणि जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नसलेले ते गाव महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मध्यभागी आले. निवाड्यातील वाचनाची रीत आणि अंतरवालीतील मागणीचे स्वरूप यांत काही कार्यकारणसंबंध आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

घटनापीठापुढे मुख्यतः दोन प्रश्न होते. पहिला प्रश्न कलम ३४२-अ च्या अर्थाचा. हे कलम १०२ व्या घटनादुरुस्तीने २०१८ साली घटनेत आले. त्याच्या तेव्हाच्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे एखाद्या राज्याच्या संबंधात सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्ग कोणते, हे राष्ट्रपती अधिसूचनेद्वारा ठरवीत, आणि असे वर्ग ‘या संविधानाच्या प्रयोजनार्थ’ मागास समजले जात. दुसऱ्या पोटकलमात ‘केंद्रीय यादी’ असा शब्दप्रयोग असून तीत भर घालण्याचा वा तीतून कोणास वगळण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. आता प्रश्न असा की, राज्यांना स्वतःची यादी करण्याचा जो अधिकार पूर्वापार होता, तो या दुरुस्तीने संपला काय?

न्या. भट, न्या. राव व न्या. गुप्ता यांचे उत्तर होकारार्थी होते. ‘या संविधानाच्या प्रयोजनार्थ’ हे शब्द अनुसूचित जाती व जमाती यांविषयीच्या कलम ३४१ व ३४२ मध्येही आहेत. तेथे एकच यादी असते आणि ती राष्ट्रपतींची असते. समान शब्दांचा अर्थ समान मानावा. म्हणून येथेही एकच यादी. न्या. भूषण व न्या. नझीर यांनी उलट पक्ष घेतला. राज्यसभेच्या प्रवर समितीसमोरील चर्चा, मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने आणि ‘केंद्रीय यादी’ या शब्दप्रयोगाचा प्रचलित अर्थ यांवरून राज्यांचा अधिकार काढून घेण्याचा संसदेचा हेतू नव्हता, असे त्यांनी ठरविले. केंद्र सरकारतर्फे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनीही हीच भूमिका मांडली होती. म्हणजे दुरुस्ती करणाराच आपल्या शब्दांचा एक अर्थ सांगत होता आणि तीन न्यायमूर्ती त्यास दुसरा अर्थ दाखवीत होते.

वाचनाच्या या दोन रीती मराठी वाचकास अपरिचित नाहीत. मीमांसकांनी वचनाचा विनियोग ठरविण्यासाठी श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या अशी सहा प्रमाणे सांगितली असून त्यांत आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवत्तर मानले आहे. प्रत्यक्ष शब्द एक सांगत असेल आणि प्रकरण दुसरे सुचवीत असेल, तर शब्दाचे ऐकावयाचे. या दृष्टीने पाहता बहुमताने श्रुतीला व अल्पमताने प्रकरणाला प्राधान्य दिले, असे स्थूलमानाने म्हणता येईल. बहुमताची रीत त्यामुळे निराधार ठरत नाही. सभागृहात कोण काय बोलले यावर घटनेचा अर्थ लटकत राहिला, तर नागरिकास आपले हक्क कोठे वाचावयाचे हेच कळेनासे होईल. लिखित शब्द सर्वांसमोर असतो. हेतू मात्र शोधावा लागतो, आणि शोधणाराच्या इच्छेप्रमाणे तो सापडण्याचा संभव असतो. शब्दनिष्ठेचा हा पक्ष आदरणीय आहे. प्रश्न उद्भवतो तो हीच निष्ठा पुढील प्रश्नाच्या वेळी कोठे गेली, याविषयी.

३

दुसरा प्रश्न पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा. महाराष्ट्रात आधीच ५२ टक्के आरक्षण होते. त्यात १६ मिळविल्यावर ते ६८ टक्के झाले. ही मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती नाही, तसेच मर्यादेचा फेरविचार करण्यासाठी हे प्रकरण अधिक मोठ्या पीठाकडे पाठविण्याचेही कारण नाही, असे पाचही न्यायमूर्तींनी एकमताने ठरविले.

पन्नास हा आकडा घटनेत कोठेही नाही. कलम १५ च्या चौथ्या पोटकलमात तो नाही. कलम १६ च्या चौथ्या पोटकलमातही नाही. तो आला कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. त्याचा उगम एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीत आहे. म्हैसूर सरकारने जुलै १९६२ मध्ये काढलेल्या आदेशाने महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. तो आकडा आणि २०१८ च्या महाराष्ट्राचा आकडा एकच असावा, हा निव्वळ योगायोग. परंतु दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्यास तो उपयोगी पडतो. ‘बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य’ या प्रकरणात सातारचे पी. बी. गजेंद्रगडकर यांनी पाच न्यायमूर्तींच्या वतीने निर्णय लिहिला. विशेष तरतूद ही साधारणतः पन्नास टक्क्यांहून कमी असावी, ती किती कमी असावी हे प्रत्येक वेळच्या परिस्थितीवरून ठरावे, असे त्यांचे म्हणणे होते. भाषा सावध होती. सर्वकाळ लागू पडणारा काटेकोर नियम घालून देण्याचा आविर्भाव तीत नव्हता.

त्या म्हणण्यामागील तर्क मात्र निश्चित होता. समान संधी हा नियम. आरक्षण हा त्याचा अपवाद. अपवादाने नियम गिळून टाकता कामा नये. म्हणून अपवाद निम्म्याच्या आत असावा. १९६३ च्या ‘देवदासन’ प्रकरणात बहुमताने हाच तर्क नोकऱ्यांस लावला. तेथे न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले : कलम १६ चे चौथे पोटकलम हा समानतेचा अपवाद नव्हे, असे त्यांनी मांडले. हे एकट्याचे मत पुढे बळावत गेले. १९७५ साली ‘एन. एम. थॉमस’ प्रकरणात त्यास बहुमताची साथ मिळाली आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘इंद्रा साहनी’ प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते अधिकृतपणे स्वीकारले. आरक्षण हे समानतेचेच एक अंग आहे, असे ठरले.

येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. ज्या तर्कावर पन्नासचा आकडा उभा होता, तो तर्क ‘इंद्रा साहनी’ प्रकरणात काढून घेतला गेला. आकडा मात्र जागेवरच राहिला. किंबहुना १९६२ साली जे साधारण प्रमाण म्हणून सांगितले होते, तेच १९९२ साली नियम झाले आणि त्यास दूरवरच्या, मुख्य प्रवाहाबाहेरच्या लोकवस्तीपुरता अपवाद जोडण्यात आला. न्या. जीवन रेड्डी यांनी आकड्यास नवा आधार दिला तो समतोलाचा. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी ७० टक्के जागा राखीव आणि ३० टक्के खुल्या असे उदाहरण घेऊन, अशाने समान संधीचे तत्त्व टिकणार नाही, आरक्षण अल्पसंख्य जागांपुरतेच असले पाहिजे, असे प्रतिपादन केले होते. न्या. रेड्डी यांचा मुख्य आधार हाच.

तात्पर्य, २०२१ च्या निवाड्यात पन्नासची मर्यादा टिकली ती मूळ शब्दाच्या बळावर नव्हे. ती टिकली पूर्वनिर्णयांच्या परंपरेवर आणि त्या परंपरेच्या मुळाशी असलेल्या, संविधान सभेतील एका भाषणावर. मीमांसेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही स्मृती आहे. स्मृतीचा श्रुतीशी विरोध नसेल, तर तिच्यामागे एखादी श्रुती असली पाहिजे असे अनुमान करून ती प्रमाण मानावी, असे मीमांसक सांगतात. पन्नासचा आकडा अशाच अनुमित श्रुतीवर उभा आहे.

४

निवाड्यातील वैगुण्य आता दाखविता येईल. एका प्रश्नावर तीन न्यायमूर्तींनी सभागृहातील भाषणे व आश्वासने बाजूस सारून केवळ लिखित शब्द प्रमाण मानला. दुसऱ्या प्रश्नावर त्याच तिघांनी लिखित शब्दात नसलेला आकडा प्रमाण मानला, आणि त्या आकड्याच्या मुळाशी शेवटी एक भाषणच आहे. पहिल्या ठिकाणी हेतूला मज्जाव, दुसऱ्या ठिकाणी हेतूच आधार. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी समर्थनीय असू शकतील. परंतु कोणती केव्हा स्वीकारावी, याचा नियम निवाड्यात आढळत नाही.

यावर एक सबळ उत्तर संभवते, आणि ते डावलून चालणार नाही. पाच न्यायमूर्तींचे पीठ नऊ न्यायमूर्तींच्या निर्णयाने बांधलेले असते. कलम ३४२-अ नवे होते, त्यावर पूर्वीचे भाष्य नव्हते, म्हणून तेथे शब्दापासून आरंभ करणे भाग होते. पन्नासचा प्रश्न जुना होता, म्हणून तेथे भाष्य पाळणे भाग होते. शिवाय डॉ. आंबेडकरांनी त्याच भाषणात आरक्षणाचे प्रमाण वाजवी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयासमोर जाऊ शकेल, हेही मान्य केले होते. आकडा ठरविण्याचे काम घटनाकारांनीच एका अर्थी न्यायाधीशांवर सोपविले, असे यावरून म्हणता येते.

हे उत्तर बऱ्याच अंशी मान्य करूनही एक गोष्ट उरते. घटनापीठास पन्नासची मर्यादा बदलण्याचा अधिकार नसला, तरी ती मोठ्या पीठापुढे ठेवण्याचा अधिकार होता आणि तशी विनंतीही करण्यात आली होती. ती नाकारताना केवळ शिस्तीचे कारण दिलेले नाही. मर्यादा बदलणे म्हणजे समतेऐवजी जातींच्या पायावर समाज उभारणे होय, असे न्या. भूषण यांनी गुणदोषांत शिरून म्हटले आहे. अर्थात् हे पालन सक्तीचे नव्हते, ती निवड होती. आणि निवडीस कारणे द्यावी लागतात. अपवादाचा तर्क गेल्यावर नेमका निम्मा भागच का, पंचेचाळीस वा साठ का नव्हे, या प्रश्नास समतोलाच्या तत्त्वातून पुरेसे उत्तर मिळत नाही. समतोल हवा हे तत्त्व झाले. पन्नास हे त्या तत्त्वाचे केवळ एक माप आहे.

निवाड्याचा सर्वांत भक्कम भाग तपशिलाचा आहे. गायकवाड आयोगाने मराठा समाजाची लोकसंख्या ३० टक्के धरली होती. आयोगाच्याच सामग्रीवरून न्यायालयाने दाखविले की, खुल्या वर्गातून भरलेल्या शासकीय पदांपैकी अ, ब, क व ड या श्रेणींत मराठा समाजाचे प्रमाण अनुक्रमे ३३.२३, २९.०३, ३७.०६ व ३६.५३ टक्के आहे. घटनेत ‘पर्याप्त’ प्रतिनिधित्व म्हटले आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असे म्हटलेले नाही. आयोगाने या दोहोंची गल्लत केली, हा न्यायालयाचा आक्षेप मार्मिक आहे. येथे पुन्हा शब्दनिष्ठाच कामास आली, आणि योग्य रीतीने आली. मात्र हे आकडे सबंध राज्याचे होत. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरातील कुटुंब आणि अंबड वा घनसावंगी तालुक्यातील कापसावर अवलंबून असलेले कोरडवाहू कुटुंब त्यांत एकाच बेरजेत जाते. वर्गाची मोजदाद राज्यवार करावयाची असा घटनेचाच आराखडा असल्यामुळे हा दोष न्यायालयाचा म्हणता येत नाही; पण त्या बेरजेतून सुटलेले दुःख कोठे तरी प्रकट होणारच होते.

५

ते जालना जिल्ह्यात प्रकट झाले, आणि विशिष्ट रूपात प्रकट झाले. स्वतंत्र प्रवर्गाचा मार्ग आकड्याने अडविला, तेव्हा अंतरवालीच्या आंदोलनाने मागणीचे रूपच बदलले. मराठा म्हणून वेगळे आरक्षण मागण्याऐवजी, मराठा हा कुणबीच आहे आणि कुणबी आधीपासूनच इतर मागास वर्गांत आहे, असे प्रतिपादन पुढे आले. प्रवर्ग नवा नको, फक्त दाखला हवा. घटनेच्या अर्थाचा वाद अशा रीतीने महसुली दप्तराच्या अर्थाचा वाद झाला.

हे रूपांतर मराठवाड्यातच का घडावे, याचे कारण इतिहासात आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून बनला. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि नंतर मुंबई व महाराष्ट्र राज्यांत होता. विदर्भातील शेतकरी कुटुंबांच्या कागदोपत्री कुणबी अशी नोंद सर्रास आढळते. मराठवाड्यात तशी नोंद सहजी हाती लागत नाही, आणि जुनी दप्तरे उर्दूत वा मोडीत आहेत. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने निजामकालीन नोंदी असणाऱ्यांस कुणबी दाखले देण्याची व्यवस्था झाली आणि नोंदी शोधण्याच्या पद्धतीसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. मुंबईतील आझाद मैदानावरील उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करणारा शासननिर्णय निघाला आणि चौकशीचे काम गावपातळीवरील समितीकडे गेले.

या मार्गाचा जाच कोणास होतो, हेही त्याच तालुक्यात दिसून आले. जून २०२४ मध्ये अंतरवालीजवळच्याच वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांनी इतर मागास वर्गांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. त्यांचे म्हणणे सरळ होते : ताट तेवढेच राहणार आणि जेवणारे वाढणार असतील, तर लहान जातींच्या वाट्यास काय येणार? हा प्रश्न निवाड्याबाहेरचा नाही. स्वतंत्र प्रवर्गाच्या मार्गाने भार खुल्या वर्गावर पडला असता. दाखल्याच्या मार्गाने तो इतर मागास वर्गांवर पडतो. समतोल राखण्यासाठी मानलेल्या आकड्याने ओझे नाहीसे केले नाही. ते एका खांद्यावरून दुसऱ्यावर ढकलले, आणि तो दुसरा खांदा अधिक दुबळा आहे. एकाच तालुक्यातील, एकाच शिवारालगतची दोन गावे परस्परांसमोर उभी ठाकली.

याहून गंभीर गोष्ट हक्काच्या स्वरूपाची आहे. घटनेने प्रश्न विचारला आहे तो मागासलेपणाचा : हा वर्ग आज सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागे आहे काय? दाखल्याच्या मार्गात प्रश्न विचारला जातो तो पणजोबाच्या नावापुढील शब्दाचा. ज्याच्या घरचा कागद सापडला तो पात्र, ज्याचा कागद वाळवीने खाल्ला तो अपात्र; दोघांची शेती एकाच बांधाला लागून असली तरी. नागरिकाचा हक्क जुन्या कारकुनाच्या लेखणीवर अवलंबून राहणे, हे समतेच्या कोणत्याही अर्थाशी जुळत नाही.

६

निवाड्यानंतरच्या घटनांचा क्रमही बोलका आहे. शब्दावर आधारलेला पहिला निर्णय संसदेने ऑगस्ट २०२१ मध्येच १०५ व्या घटनादुरुस्तीने फिरविला. राज्यांना स्वतःची यादी करता येईल, असे स्पष्ट शब्द घालण्यात आले. आकड्यावर आधारलेला दुसरा निर्णय मात्र तसाच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा केला, आणि त्यासही लगेच न्यायालयात आव्हान मिळाले. याचे कारण उघड आहे. शब्दाच्या वाचनात मतभेद झाला तर शब्द बदलता येतो. पण जो आकडा घटनेत लिहिलेलाच नाही, तो खोडावा कोठे? त्यास बगल देऊनच वाट काढावी लागते. तमिळनाडूने १९९४ साली आपले ६९ टक्क्यांचे आरक्षण ७६ व्या घटनादुरुस्तीद्वारा नवव्या अनुसूचीत नेऊन ठेविले. २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीने आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांस १० टक्के मिळाले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ती दुरुस्ती वैध ठरताना, पन्नासची मर्यादा अलंघ्य नसून ती सामाजिक मागासलेपणाच्या आरक्षणापुरतीच आहे, असे बहुमताने म्हटले. सरन्यायाधीश उदय लळीत व न्या. भट यांनी त्यास भिन्नमत दिले. दीड वर्षापूर्वी जी मर्यादा समतेचा आधारस्तंभ म्हणून वर्णिली गेली, ती आता एका वर्गास बंधनकारक व दुसऱ्यास नाही, अशी झाली.

पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्रावरील एक निबंध. परंतु इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनी तो प्रमाण मानल्यावर त्यातील मते कायदा म्हणून लोकांच्या वारसाहक्कांवर चालू लागली. भाष्याचे असे सूत्र होणे अटळ असेल. नव्हे, स्थैर्यासाठी ते कित्येकदा हितकरही असते. पन्नासची मर्यादा काढून टाकावी, असा या चिकित्सेचा निष्कर्ष नाही. तिच्यावाचून वडीगोद्रीच्या उपोषणकर्त्यांची धास्ती आणि खुल्या वर्गातील विद्यार्थ्याची धास्ती या दोहोंस आधार उरणार नाही. निष्कर्ष एवढाच की, भाष्य जेव्हा सूत्राच्या अधिकाराने बोलते, तेव्हा त्याने सूत्रापेक्षा अधिक कारणे दिली पाहिजेत. २०२१ च्या निवाड्याने शब्दाविषयी विपुल कारणे दिली. आकड्याविषयी परंपरा दिली. ज्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या पीठाने मागासलेपणाच्या कसोटीवर द्यावयास हवे होते, तो त्यामुळे अंबड तालुक्यातील गावसमितीपुढे, जुन्या नोंदवहीच्या पानावर येऊन पडला. तो तेथे सुटणार नाही. आज ना उद्या त्यास पुन्हा घटनेच्या शब्दाकडेच परत जावे लागेल.